ज्युबिलीचं शिंग

"तुझ्या वडलांचं ताट बाहेरच पाठवलंय हं. त्यांना तिथंच मोकळं वाटेल."

मंडळाच्या सचिवबाई हसत म्हणाल्या. हातात माझ्या भाषणाचा कागद. त्यावर त्यांच्या पेनानं मारलेल्या रेघा.

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाची सिल्व्हर ज्युबिली होती. सेक्टर चौतीसमधला हॉल. डॉक्टर, प्राध्यापक, मोहालीतले आयटीवाले. मी मोहालीच्याच नॉलेज सिटीतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. बा गावाहून महिनाभर माझ्याकडे आला होता, शिंग सोबत घेऊन. जन्मभर त्यानं ते गावच्या पालखीपुढं फुंकलं. देवळाच्या पायरीखाली उभं राहून. जेवणही तिथंच, खाली मातीत.

आठवड्यापूर्वी बाई म्हणाल्या होत्या, "वडलांना आण की. शिंगानं स्वागत करू. किती छान परंपरा!" खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. बाला नवा सदरा घेतला. मूर्खच मी. त्याला पाहुणा म्हणून बोलावलंय असं समजून बसले.

मला तीन मिनिटं बोलायचं होतं, ज्युबिली या शब्दाच्या अर्थावर. मी झपाटल्यासारखी शोधत बसले होते. मूळ शब्द हिब्रू. योबेल. मेंढा, मेंढ्याचं शिंग. ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात सांगितलंय, दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचं. मग गुलाम सोडायचे. ज्याची जमीन गेली त्याला ती परत द्यायची. शिंग वाजलं की माणूस मोकळा. हे मी घरी बाला सांगितलं. तो कितीतरी वेळ आपल्या शिंगावरून हात फिरवत राहिला.

बाईंनी नेमकं तेच खोडलं होतं.

"गुलामबिलाम नको गं. ज्युबिली म्हणजे आनंदोत्सव, एवढंच सांग. गोड बोल."

सकाळपासून बा उन्हात फाटकापाशी. गाडी आली की शिंग. पोरं मोबाइल धरून, "अंकल जी, एक बार और!" आत या, असं एकानंही म्हटलं नाही. मी दारात पाहुण्यांची नावं लिहून घेत होते. मीही म्हटलं नाही. हेही सांगायलाच हवं.

आतली जेवणं भाषणांनंतर, स्टीलच्या ताटात. बाचं आधीच उरकून घेत होते. कागदी ताट, चपलांच्या ढिगाशेजारी. मी धावत बाहेर गेले.

"बा, ऊठ. आत चल."

"असू दे पोरी. मला सवय हाय."

सवय. माझं डोकंच फिरलं. एमएस्सी केलं, इतक्या लांब आले, आणि गाव माझ्या आधी इथं येऊन बसलं होतं. त्याच्या हातातलं ताट मी काढून घेतलं. दंड धरून त्याला आत आणलं आणि पहिल्या रांगेत अध्यक्षांशेजारी बसवलं. अध्यक्षांनी खुर्ची जराशी सरकवली. मी पाहिलं.

माझं नाव पुकारलं. खोडलेल्या ओळी मला पाठच होत्या. सगळं बोलले. गुलाम, जमीन, शिंग. शेवटी म्हटलं, "ज्याचं शिंग तुम्हाला दारात हवं होतं, त्याचं ताट तुम्ही चपलांपाशी मांडलंत. याला ज्युबिली म्हणू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. बाईंनी माइक ओढून घेतला. आम्ही दोघं न जेवता निघालो. रिक्षात बा एवढंच म्हणाला, "लोकांत तमाशा केलास." मला वाईट वाटलं. पण पश्चात्ताप नाही झाला.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. काढू दे.

शिंग आता माझ्या कपाटात आहे. बा मागतो, जत्रा जवळ आलीय म्हणतो. मी दिलेलं नाही. जिथं त्याला आत खुर्ची आणि सगळ्यांसारखं ताट मिळेल, तिथं मी स्वतः ते त्याच्या हातात देईन. पायरीखाली उभं राहून फुंकायला देणार नाही. फाटकापाशीही नाही. गावात नाही, इथंही नाही.