सुकती लागायच्या आत

सेक्रेटरी काकांच्या पडवीत वेताची एक खुर्ची होती आणि तिच्यावर बसायची कोणालाच परवानगी नव्हती. खुद्द काकाही शेजारच्या बाकड्यावर बसत. एकदा आमचे थोरले भावोजी मुंबईहून आले आणि सरळ तिच्यात टेकले. काका अदबीनं म्हणाले, "उठा हां. ती बाईंची." भावोजी उठले आणि काकींना म्हणाले, "बसा." काकी म्हणाल्या, "माज्या नशिबात खंय ती? ती पुस्तकातल्या बाईची."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. देवबागात त्यांचं किराणा दुकान होतं. पडवीतल्या एका कपाटाला ते वाचनालय म्हणत आणि स्वतःला त्याचे सेक्रेटरी. अध्यक्ष कोण, हे कोणी विचारलं नाही. पुस्तकांना जुन्या कॅलेंडरांची कव्हरं होती, त्यामुळे आमच्या प्रत्येक परीकथेवर कुठली तरी एकादशी छापलेली असे.

बाई मुंबईत राहून मुलांसाठी गोष्टी लिहीत. दसऱ्यानंतर बोटी सुरू झाल्या की काका त्यांना निमंत्रणाचं पत्र धाडत. 'आमची मुले वाळूत वाढलेली असली तरी कानाने तिखट आहेत,' असं एका पत्रात होतं. लिहिणारा माणूस डोळ्यांनी बघितला की मुलं पुस्तकाला भीत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाईंचं उत्तर येई, 'यंदा जमत नाही.' काका ते देवापुढे ठेवत आणि परिचयाच्या भाषणाची तालीम सुरू करत. तूरडाळ तोलताना, दिव्याची काच पुसताना. काकी म्हणत, "माका सगळा पाठ झाला. आता पावणी नाय इली तरी चलात."

चौथ्या वर्षी पावणी आली. साठ साल असेल. मालवणच्या धक्क्यावर उतरून बाई सकाळीच देवबागात पोचल्या. शाळेच्या अंगणात झावळ्यांचा मांडव आणि मधोमध ती खुर्ची. दुपारी बाईंना खाडीपलीकडच्या दुसऱ्या वाचनालयात बोलायचं होतं. होडी तयार होती. तांडेलानं ओहोटीचं आधीच बजावलं होतं, "सुकती लागायच्या आत निघाक होया. नायतर व्हडी वाळूत बसतली."

काका परिचयाला उभे राहिले. कपाटाच्या जन्मापासून त्यांनी सुरुवात केली. मग चारही वर्षांची पत्रं वाचून दाखवली, आपली आणि बाईंचीही. ज्यांची पत्रं त्या समोर बसून ऐकत होत्या. माझ्या हातात बाईंना द्यायची अबोलीची वेणी होती. मला वाटत होतं, असा वक्ता मुंबईतही नसेल. त्या कौतुकात मी अर्धी वेणी कुरतडली. तांडेल तीनदा खाकरला. चौथ्यांदा तो सरळ मांडवात आला. "सेक्रेटरीनू, पाणी चल्ला."

काकांनी खाडीकडे बघितलं. ओलसर वाळूची एक पट्टी वर आली होती. हातातलं शेवटचं पत्र तसंच राहिलं.

बाई मात्र उठल्या आणि चालता चालताच गोष्ट सुरू केली. एका बेटावरच्या कासवाला एक बंद दार सापडतं. आम्ही सगळी पोरं त्यांच्याभोवती. होडी सुटली तेव्हा कासव दारापाशी होतं. बाई होडीतून मोठ्यानं सांगत होत्या, आम्ही गुडघाभर पाण्यात शिरलो होतो. "कासवानं दार ढकललं, आणि आत बघतं तर..." पुढचं वाऱ्यानं नेलं.

काका किनाऱ्यावर उभे होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकींनी चार वर्षांत पहिल्यांदा टोमणा मारला नाही.

गोष्टीचा शेवट विचारणारं पत्र काकांनी दुसऱ्याच दिवशी टाकलं. उत्तर आलं, 'शेवट मुलांनीच सांगावा.' तेव्हापासून दर शनिवारी ती खुर्ची आमची झाली. एकानं तिच्यात बसायचं आणि दारापलीकडचं सांगायचं. कोणाच्या दाराआड बांगड्यांची रास होती, कोणाच्या आगबोट. माझ्या कासवाला आत एक सासू भेटली. गोष्ट सांगायची माझी खोड तिथलीच. आणि इतकं बोलणारा तो माणूस बाकड्यावर गप्प बसून ऐकत असे. मधे एक शब्द नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. काकांनीही कोणाचा परिचय करून दिला नाही.

"काका, तुमचा शेवट काय?" आम्ही विचारायचो.

"माजो लांब आसा. सुकती लागात."

लग्न होऊन मी मुंबईला निघाले तेव्हा काका मालवणच्या धक्क्यावर आले होते. मी म्हटलं, "आता तरी सांगा." त्यांनी बोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू वायच सवड काढून ये गो. बसान सांगतंय." मी मान हलवली. मग पोरं झाली, आजारपणं झाली, आणि सवड म्हणजे पुढच्या मे महिन्यात मिळणारी वस्तू झाली. एका पावसाळ्यात, बोटी बंद असताना, तार आली.

खुर्ची आता माझ्याकडे आहे. वेत दोनदा नवा विणून घेतला. लग्नकार्याला घर भरलं की सगळे मला तिच्यात बसवतात आणि म्हणतात, "सांग, पण आटोपतं घे." मी आटोपतं घेते. कासव दारापाशी येतं, दार ढकलतं, आणि माझी नजर उगाच शेजारी जाते, जिथे बाकडं असायला हवं तिथे. वाटतं, काकांनी एकदा तिथून उठावं आणि कपाटाच्या जन्मापासून सुरुवात करावी. पाणी जाईना का. मी बसून राहीन.