भरल्या ओटीनं उठणं

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या बायकांसाठी खुर्च्या मांडतात आणि तरुण मुलींसाठी सतरंजी. परवा माझ्या थोरल्या जाऊबाई, वय अठ्ठावन्न, सरळ सतरंजीवर मांडी घालून बसल्या. त्यांची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण पदरात घेतल्यावर दोन्ही हात गुंतलेले.

"थांबा ताई, हात देते," यजमानीणबाई म्हणाल्या.

"नको, जमतंय," म्हणत ताई उठल्या. जमिनीला बोट टेकलं नाही, तांदळाचा दाणा सांडला नाही. ही माझी जाऊ, असं मी शेजारच्या बाईला विनाकारण सांगितलं.

ताईंची पाळी गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता स्नायू झिजतात, हृदयालाही जपायला हवं, भरभर चाला, वजनं उचला. घरातले म्हणाले, आता आराम करा. ताईंनी डॉक्टरांचं ऐकलं. तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून त्या रोज सकाळी गच्चीत उचलायच्या आणि आम्ही हसायचो. मूल व्हायचं वय सरलं की बाईच्या शरीराचं काम संपलं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मुलाबाळांच्या आशीर्वादाची ती ओटी सावरत ताई उभ्या राहिल्या, तेव्हा वाटलं, हे शरीर आता कुठे त्यांचं स्वतःचं झालंय.

मग मीही खुर्ची सोडून सतरंजीवर बसले. ओटी घेऊन उठताना एक हात टेकावा लागला, थोडे तांदूळ सांडले. ताई वाकून ते वेचत म्हणाल्या, "उद्या सकाळी गच्चीत ये."