लुसीचा बत्तीसचा गुणाकार

आंतोनचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात आंबे निवडत होते. आंतोन म्हणजे लुसीचा भाऊ. "सुमाताय, आमची लुसी गेली गो..." एवढंच तो बोलला. गोव्यातल्या हॉस्पिटलातून ती परत येणारच, असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं. हौदापाशी आंबे धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी फोनवरून आंतोनच म्हणाला, "आंबे कुजवू नकात. तिका ता आवडाचा नाय. काम आटपून येवा." आम्ही रस काढला, डबे भरले आणि मगच इगर्जीत, त्यांच्या चर्चमध्ये, गेलो. हातांना हापूसचा वास येत होता. मला त्याची जराही लाज वाटली नाही.

लुसी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, मी तिथेच ऑफिसात. निवृत्तीनंतर कुणकेश्वरच्या अलीकडे आम्ही काही बायकांनी मिळून आमरसाचे डबे भरायचा हा छोटा कारखाना काढला. तिच्या माहेरची मालवणात बेकरी. पौंडाचा केक, दोन पौंडाचा केक असं ऐकतच ती वाढली. वर्गात भल्याभल्यांना घाम फोडणारी ही बाई नाताळात मात्र आंतोनच्या दुकानात उभी राहून केक तोलून द्यायची. स्वभाव विचारू नका. हेकट होती. माझ्याशी तर कडाकडा भांडायची, आणि भांडण संपलं की चहा मीच करायचा.

आमच्या रसाला जुना पंप पुरेना, म्हणून परदेशातला एक वापरलेला पंप घेतला. सोबत मॅन्युअलची पुसट झेरॉक्स आली. हा पंप किती दाट पदार्थ ढकलू शकतो, तो आकडा त्यात होता, पण इंग्रजी मापात. वर नुसतं लिहिलेलं: पौंड, फूट, सेकंद. आपल्याकडे दाटपणा पास्कल-सेकंदात मोजतात. लुसीने आमचा रस एका नळीतून गाळून, ग्लिसरीनशी ताडून त्याचा दाटपणा अंदाजाने काढून ठेवलाच होता. मॅन्युअलमधल्या आकड्याला तिने दीडच्या आसपासच्या एका अपूर्णांकाने गुणलं आणि उत्तर आलं, पंप आमच्या रसाच्या दहाव्या हिश्शाइतकाही दाटपणा सोसणार नाही. तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हो पंप आमच्या कामाचो नाय." पंप परत न्यायला टेंपो ठरला. आंबा पिकायला लागलेला, दुसरा पंप मिळेपर्यंत हंगाम हातचा जाणार, हे प्रत्येकीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या घरी आली. मी केसांना तेल लावत बसले होते. चहा नको म्हणाली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मॅन्युअलचं पान माझ्यापुढे धरून म्हणाली, "गो सुमा, एरंडेल खोबरेलापेक्षा पातळ आसता काय?"

"येडी झालंस की काय? एरंडेल बाटलीतून पडता पडत नाय!"

"मगे माझा गणित तसा कित्याक म्हणता?"

पंपाच्या कंपनीने नमुन्यादाखल एरंडेलाचा आकडा दिला होता, आणि लुसीच्या हिशोबाने ते एरंडेल खोबरेलाहूनही पातळ ठरत होतं. माझ्या खोबरेलाच्या वाटीकडे ती बघत राहिली... आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. तिने पौंड धरला होता केकचा, म्हणजे वस्तुमानाचा. मॅन्युअलवाल्यांचा पौंड होता जोराचा, म्हणजे पृथ्वी त्या पौंडाला जेवढ्या बळाने खाली ओढते त्याचा. फुटांच्या हिशोबात या दोन पौंडांत बत्तीसपटीचा फरक पडतो. दीडच्या जागी जवळजवळ अठ्ठेचाळीसने गुणायला हवं होतं. तसं गुणल्यावर एरंडेल एरंडेलासारखं दाट झालं, आणि पंप आमचा रस ढकलून वर ताकद राखून होता.

मी म्हटलं, टेंपोवाल्याला फोन करून टाकू, बाकीच्यांना काहीतरी कारण सांगू. माझ्यावर काय डाफरली! कारखान्यात जाऊन सगळ्या बायकांसमोर उभी राहिली. "मी चुकलंय," म्हणाली. "वर्गात पोरांका ह्या चुकीसाठी मी उभा केलंय." आणि तिथल्या तिथे नियम केला, यापुढे कुठलंही माप बदलायचं तर दोघींनी वेगवेगळं, एकमेकींकडे पाठ करून करायचं. उत्तर जुळलं तरच पुढे. तेव्हापासून दुसरी मी. माझं गणित बेताचंच, पण तिने सोडलं नाही. चुकले की पहिल्यापासून करायला लावायची. पंप बसला, छान चालला. तिने तो काही दिवसच चालताना पाहिला. मग दुखणं आलं, आणि गोवा...

ती गेल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. बाईच नाहीत तर या काय चालवणार, शटर ओढतील. मला एकीने तोंडावर विचारलं, "आता गणित कोण करतला?" मला रडू आलं आणि रागही आला, राग जास्त. मी सांगितलं, कारखाना बंद होणार नाही.

आता त्याच पंपावर कोकमाचं सरबत भरायचं आहे. सरबत रसापेक्षा बरंच पातळ, आणि फार पातळ पदार्थ पंपातून मागे गळतो, तेव्हा खालची मर्यादा काढणं आलं. ती मॅन्युअलमध्ये पौंडातच. परवा मी शेवंताला बोलावलं. ती पूर्वी कुणकेश्वरला मासे विकायची, दहावीपर्यंत शिकलेली. लुसीच्या खुर्चीकडे बोट दाखवल्यावर ती मागे सरली. "माका भिया वाटता गो, सुमाताय. ती बाईंची जागा."

"बस," मी म्हटलं. "पाठ माझ्याकडे कर."

आम्ही दोघींनी गुणाकार केले. बराच वेळ लागला. मग कागद शेजारी ठेवले. उत्तरं जुळली नाहीत.

शेवंताने माझ्याकडे पाहिलं. मी दोन कोरे कागद घेतले, एक तिला दिला, आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.