गुंजाळसाहेबांची पहिली तुकडी

दुकान चालवायला शिकायला आलेल्या पदवीधरांना गुंजाळसाहेब सुरुवातीला दुकानात पाऊलच टाकू देत नसत. समोर रस्त्याच्या कडेला उभं करायचे. म्हणायचे, "आत आलेलं गिऱ्हाईक कुणालाबी दिसतं. दारातनं माघारी फिरलेलं बघा. ते का फिरलं, ते मला संध्याकाळी सांगा."

संगमनेरच्या एका सहकारी भांडाराने नव्या शाखांसाठी व्यवस्थापक तयार करायचे ठरवले होते. निवडले ते मी, जाधव आणि कुसुम पठारे. साहेबांनी पुण्यात मोठ्या दुकानात उमेदवारी केलेली. अंगात टेरिलीनचा बुशशर्ट, बोलणं मात्र अकोले तालुक्यातलं. "न्हाई म्हणायचं तर लवकर म्हणा," हे त्यांचं नेहमीचं. "माणसाला उन्हात ताटकळत ठेवून न्हाई म्हणू नका."

ते दुष्काळाचं साल होतं. एकदा गोडेतेल कमी आलं आणि बाहेर रांग वाढत चालली. मी आणि जाधव दार लोटून घ्यायच्या विचारात होतो. कुसुम बाहेर गेली. रांगेच्या कडेने चालत एका म्हातारीपाशी थांबली आणि म्हणाली, "या आजींपर्यंत तेल पुरेल. मागच्यांनी थांबू नका. उद्या आधी तुम्हाला देऊ." लोक कुरकुरले, पण गेले. दुसऱ्या दिवशी तिने शब्द पाळला.

"कोपरगावची शाखा हिची," साहेब आम्हाला म्हणाले.

मंडळाच्या बैठकीत संचालकांना ते पटलं नाही. ट्रक, हमाल, बाजाराचा दिवस. मुलीला कसं झेपेल? शाखा मला मिळाली. साहेब कुसुमला कित्येक महिने "बघू, थांब जरा" म्हणत राहिले. शेवटी तिने राजीनामा दिला आणि कोपरगावलाच शाळेत नोकरी धरली.

निवृत्तीनंतर एकदा साहेब माझ्याकडे आले. "कुसुमकडं घेऊन चल," म्हणाले. ती तोवर मुख्याध्यापिका झाली होती. तिने वाकून नमस्कार केला, पोहे केले, आपल्या मुलांना सांगितलं, "चार माणसांत बोलायला मला यांनी शिकवलं." साहेब दोनदा काही बोलायला गेले आणि पोह्यांचं कौतुक करून थांबले.

परतताना ते गोदावरीच्या पुलावर कठड्याला धरून उभे राहिले. "त्या बैठकीत मी तोंड उघडलं न्हाई रे," म्हणाले. "आज तेच सांगायला आल्तो. ती रागावली असती, तर सांगितलं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. कळवायला मी शाळेत गेलो. कुसुमने हातातला खडू टेबलावर ठेवला. मग तिने विचारलं, "तेव्हा मंडळापुढे साहेब काय बोलले होते?"

"तुझ्या बाजूनेच बोलले," मी म्हणालो.

"मला तसंच वाटत होतं," ती म्हणाली, आणि डोळे पुसून वर्गावर गेली.