पाठक सरांची गाडी आणि पंचवीस लिंबं

ऑइलच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. तळाला गाळ आणि वर किस्से. गाळ निदान फडक्यानं पुसता येतो. किस्से मात्र रोज संध्याकाळी पाचला दुकानापुढच्या बाकावर येऊन बसतात आणि चहा मागतात.

परभणीत जिंतूर रोडला माझं इंजिन ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान. इंजिन मी शिकलो ते डब्यांवरची लेबलं वाचून. उरलेलं समोरच्या गॅरेजवाल्या रहीमभाईंनी शिकवलं, तेही माझ्या चुका गिऱ्हाइकांसमोर मोजून दाखवत. बाकावरचे कायमचे मेंबर दोन. झरीचे बापूराव, ज्यांच्या जीपचं बॉनेट फक्त दसऱ्याला पूजेपुरतं उघडतं. आणि रिटायर झालेले विज्ञानाचे पाठक सर, ज्यांच्या गाडीचं बॉनेट फक्त जेवणापुरतं बंद असतं.

*

बापूराव गाडीला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधतात. एकदाही खाडा नाही. एकदा मी सहज विचारलं, "बापूराव, ऑइल कधी बदललंत?"

त्यांनी आभाळाकडं बघत बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "धाकट्याचं लगीन कधी झालं हो?"

रहीमभाईंनी डिपस्टिक काढून बघितली. तिच्यावर डांबरासारखं काहीतरी होतं. "बापूराव, एखादं लिंबू आत पिळलं असतं तर तेवढं तरी साफ राहिलं असतं ना."

धंद्यात गिऱ्हाइकाला समजावत बसायचं नसतं, त्याच्याच हिशेबात आपला माल बसवायचा असतो. मी सांगितलं, "आजपासून लिंबं मोजा. पंचवीस झाली की ऑइल."

तेव्हापासून बापूरावांचं ऑइल वेळेवर बदलतं. फक्त एकदा ते आठवडाभर आधीच आले. "शेठ, एक लिंबू मधातच गळून पडलं. ते धरायचं का न्हाई?"

*

पाठक सरांनी रिटायर झाल्यावर जुनी पण चांगली पेट्रोल कार घेतली. घेतली ती बायकोसाठी, म्हणजे सुमनकाकूंसाठी, असं ते स्वतःच सांगत. काकूंची ताई देवगाव फाट्याला राहते. एसटीची वाट न बघता आपल्या गाडीत बसून तिच्या दारात उतरायचं, एवढीच काकूंची इच्छा.

पण सरांनी आधी एक वही केली. तारीख, मीटरचा आकडा, ऑइलची पातळी, पाण्याची पातळी, शेरा. रोज सकाळी गाडी अंगणात वीस मिनिटं चालू ठेवायची. सर बॉनेटला कान लावून उभे आणि काकू स्टिअरिंगवर.

"दाब. थोडं अजून. आता सोड. क्लच दाबून धर, मला आवाज ऐकू दे."

काकू म्हणायच्या, "मग जायचं का ताईकडं?"

सर वहीत बघायचे. "इंजिन अजून कच्चं आहे. सहामाहीपर्यंत बघू."

रहीमभाईंनी त्यांना चारदा सांगितलं, "सर, उभी गाडी चालू ठेवून इंजिन सुधरत नसतं. रस्त्यावर काढा, तिला पळू द्या."

सरांनी तेही वहीत लिहून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात.

*

उभ्या गाडीत पावसाळ्यात उंदीर शिरले. एअर फिल्टरच्या डब्यात त्यांनी कापसाची गादी केली होती. रहीमभाईंनी ती अलगद उचलून दाखवली. "सर, भाडेकरू कधी ठेवले?"

सरांनी उपाय केला. डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधून बॉनेटमध्ये चार कोपऱ्यांत लटकवल्या. उंदीर गेले, पण गाडीजवळ उभं राहिलं की लोखंडी ट्रंक उघडल्यासारखं वाटायचं.

काकू दुकानात आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, माझ्या लग्नातल्या शालूला असाच वास होता. जपून जपून ठेवला. नेसायला काढला तर घडीवर विरला होता."

सर हवेचा दाब तपासत होते.

*

एकदा मात्र निघाले. काकूंनी ताईला फोन केला, ताईनं धपाट्याचं पीठ मळलं. सर वाटेतल्या झरीपर्यंत नीट गेले आणि तिथं गाडी बाजूला घेऊन थांबले.

बापूरावांनी बघितलं. "काय झालं सर?"

"टेंपरेचरचा काटा अर्ध्यावर आलाय."

"मग?"

"सकाळी खाली होता."

काटा अर्ध्यावरच असतो, हे सांगायला रहीमभाई तिथं नव्हते. बापूरावांनी आपल्या परीनं धीर दिला. "माझ्या जीपचा काटा दोन वर्सं झाली हालतच न्हाई बघा. लय भरवशाची हाय."

सरांनी गाडी परत फिरवायचं ठरवलं. काकूंनी बापूरावांच्या घरी चहा घेतला आणि तिथूनच ताईला कळवलं, पीठ झाकून ठेव म्हणून.

*

आता कुणी म्हणेल, शेठ दुसऱ्यांचंच सांगायलेत. तर माझंही सांगतो. दिवसभर लोकांना कूलंट बघा म्हणणारा मी, माझ्या गाडीतलं कूलंट बघायचं विसरलो आणि झरीच्या अलीकडं वाफ सोडत थांबलो. ओढून आणलं कुणी? बापूरावांच्या जीपनं. दोरीनं बांधून, भर बाजाराच्या दिवशी, माझ्याच दुकानाच्या पाटीसमोरून. पाटीवर लिहिलंय, 'इंजिनाची काळजी आमच्यावर सोडा'.

रहीमभाई गॅरेजमधून बाहेर आले, पाटी मोठ्यानं वाचली आणि आत गेले.

*

त्या उन्हाळ्यात काकू पुन्हा दुकानात आल्या. "भाऊ, ते लाल एल लिहिलेलं स्टिकर मिळतं का? शिकणाऱ्यांच्या गाडीला लावतात ते."

मी दिलं. कुणासाठी, हे विचारलं नाही. दुकानदारानं सगळंच विचारायचं नसतं.

आठवडाभरानं सर बाकावर बसले असताना समोरून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गेली. स्टिअरिंगवर एक बाई. उन्हाचा स्कार्फ तोंडाला गच्च गुंडाळलेला, वर काळा गॉगल. गाडी दोन हिसके देऊन पुढं सरकली.

"बघा," सर म्हणाले, "क्लचवर पाय ठेवूनच चालवायली. कुणाच्या घरची आहे कोण जाणे, इंजिनाचं वाटोळं करणार."

रहीमभाईंना अचानक खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

*

दिवाळीनंतर नांदेडला सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. दारात गाडी उभी असून सर रेल्वेनं गेले. गुरुवारी पहाटे गेले, रात्री उशिरा परतले, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळची वही राहिली. शुक्रवारी संध्याकाळी स्वतः गाडी घेऊन गॅरेजवर हजर. एवढं गल्लीतलं अंतर ते बिनधास्त चालवत.

"रहीमभाई, मीटर बिघडलंय. उभ्या गाडीचा आकडा शंभर किलोमीटरच्या वर पुढं पळालाय."

रहीमभाईंनी बॉनेट उघडलं. पुरचुंड्या गायब होत्या. रेडिएटरच्या जाळीत दोन पिवळी फुलपाखरं आणि बरेच किडे चिकटले होते. अंगणात उभ्या गाडीला हे चिकटत नाहीत. रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी डब्यांवरची धूळ झटकायला लागलो.

"मीटर ठीक आहे, सर," ते म्हणाले.

"कसं ठीक असेल? हे बघा, बुधवारचा आकडा." सरांनी वही उघडली. बुधवारच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. हिरव्या शाईत, अक्षर सरांचं नव्हतं. वर्गात वाचायची सवय असल्यानं सरांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली आणि मग मधे थांबता आलं नाही.

"गुरुवार. देवगाव फाटा, जाऊन-येऊन. काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. ऑइल, पाणी बरोबर. येताना झरीला चहा. ताईनं धपाटे केले होते, तुमच्या वाटचे डब्यात आहेत."

झरीचे बापूराव बाकावर बसून जीपच्या लिंबाकडं एकटक बघत होते.

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. खिशातून लाल पेन काढलं, शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि वही मिटली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शेठ, चालत्या गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलतात?"

मी तोंड उघडायच्या आत बापूराव म्हणाले, "पंचवीस लिंबं, सर."