रासाचं केदाइन्याई

दुबईत जबल अलीच्या कंपनी बसमध्ये रोज तेच लोक शेजारी-शेजारी बसले की किस्से साठतातच. आमच्याकडचे निम्मे एकट्या रासाचे! आम्ही दोघी खतांच्या कंपनीत शिपिंगचं काम बघतो. ती लिथुआनियातल्या केदाइन्याई नावाच्या, कारखान्यांच्या छोट्याशा शहरातली.

पहिल्या दिवशी तिने हे नाव सांगितलं, तेव्हा आमचे वेअरहाऊस इन्चार्ज इक्बालभाई, मूळचे रत्नागिरीचे, हळूच मला म्हणाले, "ताई, ही कुणाची आई म्हणाली?"

*

रासा म्हणजे तिच्या भाषेत दव. "आणि तुमच्या भाषेत?" तिने विचारलं.

सांगू की नको, असं झालं मला. शेवटी रविवारी घरी बोलावून मिसळच खायला घातली. "हा बघ, वरून ओतलाय तो रसा."

दोन घास खाल्ले आणि नाक लाल! पाण्याचा ग्लास रिकामा करत म्हणाली, "मी एवढी तिखट नाहीये गं!"

*

एकदा तिने डब्यात गार, गुलाबी सूप आणलं. काकडी तिच्या गावची खासियत, त्यामुळे ती ढीगभर. मी चव घेतली. बीट, ताक, काकडी, शेपू.

"अगं, ही तर कोशिंबीर!"

"सूप आहे! आख्खा देश पितो आमचा."

आमचा वाद रंगला. इक्बालभाईंनी शांतपणे दोन चमचे आपल्या बिर्याणीवर घेतले, खाल्ले आणि निकाल दिला, "रायता. खलास!"

*

आमच्या घरच्यांबरोबर ती डोंगर बघायला रास अल खैमाला आली होती. वर पोचल्यावर म्हणाली, "आमच्याकडे सगळं सपाट. गावाजवळ डोंगर आहे, पण तो खताच्या कारखान्यातून निघालेल्या पांढऱ्या चोथ्याचा. माझे बाबा जन्मभर तिथेच कामाला होते. म्हणजे थोडा त्यांनीच बांधलाय!"

माझी लेक बापाकडे वळून म्हणाली, "हर डॅड मेड अ माउंटन! यू ओन्ली मेक पॉवरपॉइंट!"

*

रासाची आई गेली आणि बाबा एकटे पडले. त्यांना कायमचं इकडे आणायचं, असं तिने ठरवलं होतं. बाबा "बघू" म्हणत आले. दुबई मरीनातल्या तिच्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. जेवण कमी झालं. रासा रडकुंडीला आली. शेवटी एक दिवस ती त्यांना आमच्या वेअरहाऊसला घेऊन आली. खताच्या गोणी बघून म्हाताऱ्याला जरा तरतरी आली.

त्यांनी इक्बालभाईंना मोबाइलवर गावाचा फोटो दाखवला. बागेत, झाडांमध्ये, एक उंच मिनार.

"माशाल्ला! मशीद कुठाय?"

रासाने सांगितलं, "मशीद नाहीच. फार पूर्वी एका जनरलने हौसेने नुसता मिनार बांधला."

"मग अजान?"

बाबांनी मान हलवली. जन्मभर त्याच्याखालून कामावर गेले, पण अजान कधी ऐकली नव्हती.

इक्बालभाईंनी घड्याळ बघितलं. "असरच्या नमाजाची वेळ झालीये. यल्ला, चला."

आम्ही कोपऱ्यावरच्या मशिदीबाहेर उभे राहिलो. अजान सुरू झाली. बाबांनी टोपी काढली आणि संपेपर्यंत तसेच उन्हात उभे राहिले. मग डोळे पुसत लेकीला काहीतरी म्हणाले. रासा हसायला लागली, हसता हसता तिचेही डोळे भरले.

"काय म्हणाले?" इक्बालभाईंनी विचारलं.

"म्हणाले, माझं परतीचं तिकीट काढ. आमच्या मिनाराला हे सांगायला हवं."