दादाची पाठ उत्तरं

माझ्या दादाला पाच प्रश्नांची उत्तरं पाठ होती. नाव काय, वय किती, राहतोस कुठे, घरी कोण कोण असतं आणि कसा आहेस. शेवटच्याचं उत्तर असायचं, "फाइन, थँक यू, सर. हाऊ आर यू?" समोर बाई असली तरी सरच. वयाचा आकडा दर वाढदिवसाला बदलायचा आणि तो एक आकडा दादाच्या डोक्यात बसवताना बाबांचा घसा सुकायचा.

दादा माझ्याहून मोठा. जन्मताना त्याच्या मेंदूला प्राणवायू पुरला नाही, एवढंच मला लहानपणी सांगितलं गेलं. अंगापिंडाने तो बाबांपेक्षा दांडगा आहे, पण रस्ता ओलांडता येत नाही, पैसे ओळखता येत नाहीत, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की तो अडकतो. मात्र भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून तो पाच उत्तरं देत बसला की कोणाला शंकाही येत नाही. ही सगळी बाबांची मेहनत.

घरी पाहुणे आले की पोरांना पुढे बोलावून "म्हणून दाखव" म्हणायची आपल्याकडची पद्धत शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्येही इमानेइतबारे चालू होती. मी पाढे आणि श्लोक म्हणून दाखवायचे, दादा त्याची उत्तरं. मग बाबा त्याच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास!" म्हणायचे. ती थाप मिळेपर्यंत दादा जागचा हलायचा नाही. दुबईत ऊद मेथाच्या हॉलमध्ये गणपतीला कोणी काकू म्हणायच्या, "अहो, काही कळतसुद्धा नाही हो!" आणि बाबांची छाती फुगायची. कळत नाही, ही आमच्या घरातली सर्वांत मोठी तारीफ होती.

म्हणूनच त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट कधी काढलं गेलं नाही. आई मधूनमधून विषय काढायची. बाबा म्हणायचे, "कशाला पोराच्या कपाळावर शिक्का?" व्हिसा बाबांच्या नावावर चालला होता, कोणी काही विचारत नव्हतं, आणि विषय तिथेच राहायचा.

मग दादाची पंचविशी आली. इथे त्या वयानंतर मुलाचा व्हिसा बापाच्या नावावर राहत नाही. मुलगा अपंग असेल, तरच राहतो. बाबा हमरियातल्या एका पाइपच्या कारखान्यात नोकरीला आहेत. तिथला व्हिसाची कामं बघणारा माणूस त्यांना म्हणाला, "सर्टिफिकेट लाओ, नहीं तो बेटा इंडिया." इंडिया म्हणजे चिपळूणचा आमचा बंद फ्लॅट. दादाने तो सुट्टीत पाहिलेला, आणि दर वेळी परत येईपर्यंत तो धड जेवलेला नाही. आई त्याच्याबरोबर जाणार, बाबा नोकरीसाठी इथे राहणार, मी माझ्या ऑफिसात. घराचे सरळ दोन तुकडे. सोफा जरा सरकवला तरी रडणाऱ्या माणसाचं तिकडे काय होईल, हे आम्ही एकमेकांना विचारतसुद्धा नव्हतो.

मेडिकल कमिटीची तारीख मिळाली. आता यातला वेडेपणा बघा. दादा असमर्थ आहे हे सिद्ध करायला आम्ही त्याला घेऊन चाललो होतो, आणि बाबांनी आदल्या आठवडाभर त्याची उत्तरं घोटून घेतली. मी म्हटलं, "बाबा, धिस मेक्स नो सेन्स." बाबा म्हणाले, "म्हणजे काय? चार मोठी माणसं समोर असतील. तिथे पोराने गप्प बसायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मोठ्या माणसांपुढे पोराला नेलं की ते नीटच बोललं पाहिजे, याच्यापलीकडे त्यांची गाडी जात नव्हती.

कमिटीने नेमके तेच पाच प्रश्न विचारले. दादा एकदाही चुकला नाही. "हाऊ आर यू?" ऐकून डॉक्टर हसले, "माशाल्ला" म्हणाले. बाहेर आल्यावर बाबांनी पाठीवर अशी थाप मारली की दादा पुढे झुकला. त्या आनंदात आम्ही सगळ्यांनी इथला कडक, दाट दुधाचा करक चहा घेतला, मीसुद्धा.

थोड्याच दिवसांत मोबाइलवर निकाल आला. संभाषण समाधानकारक, स्वतःची काळजी घेऊ शकतो, अर्ज नामंजूर. आईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग बाबांकडे वळून म्हणाली, "झालं समाधान? केलंत ना पोराला पास?" बाबा गॅलरीत जाऊन दादाचे वाळलेले शर्ट काढत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि ते शर्ट घडी करताना बघून रडूही येत होतं.

निकालाविरुद्ध तक्रार करता येत होती. अर्ज अरबीत लागतो, म्हणून आम्ही टायपिंग सेंटरमध्ये गेलो. टाइप करणारा केरळचा होता. आईने सवयीने सुरुवात केली, "वैसे बहुत शांत लड़का है, अपने हाथ से खाता है..." तो हात थांबवून म्हणाला, "मॅडम, इधर अच्छा-अच्छा मत बोलो. क्या नहीं होता, वो बोलो."

आईने आयुष्यभर दादाला काय येतं तेच लोकांना सांगितलं होतं. आता दादा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना ती एकेक सांगू लागली. अकेला बाहर नहीं जा सकता. गरम-ठंडा समझता नहीं. मागे एकदा त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं, घामाने अंग निथळत होतं, आणि डॉक्टरने कसा आहेस विचारल्यावर त्याने "फाइन, थँक यू, सर" सांगितलं होतं, तेही सांगितलं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं दादाला कळलं. त्याने कॉलर नीट केली आणि सरळ बसला. आता आपल्याला म्हणून दाखवायला लावणार, असं त्याला वाटलं होतं. आई थबकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लिखो भैया, आगे लिखो."

मी शेवटी एक ओळ घालायला लावली. याला कोणतेही प्रश्न विचारा, फक्त ते पाच नकोत.

पुन्हा बोलावणं येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. दादाचा व्हिसा संपत आला होता. अर्ज चालू असताना त्याला देशाबाहेर नेणं शहाणपणाचं नव्हतं आणि इथे किती दिवस ठेवता येईल ते कोणी सांगत नव्हतं. दारावरची बेल वाजली तरी मी आधी दारातल्या भिंगातून बघायचे. दादा चांगला वागला तर घर मोडणार, आणि वाईट वागायला त्याला येत नव्हतं. बाबांनी तर उलटी शिकवणी सुरू केली. "काहीही विचारलं तर म्हणायचं, आय डोन्ट नो." दादाने तेही मन लावून पाठ केलं. म्हणाला, "आय डोन्ट नो, थँक यू, सर. हाऊ आर यू?" मला हसू फुटलं. आई मात्र कडाडली, "बास करा! आहे तेच दाखवायचंय, त्याची नाटकं कसली बसवताय?" शिकवणी बंद झाली.

तारखेच्या सकाळी मी आईला म्हटलं, "शर्ट साधाच राहू दे ना. हेअर पण..." आई म्हणाली, "माझ्या पोराला मी भिकाऱ्यासारखा नेणार नाही." तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, तेल लावून भांग पाडला. तिच्याशी वाद घालायची हिंमत मला झाली नाही.

या वेळी कमिटीत एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाबांना बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि दादाला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? दादाने नाव सांगितलं. घरी एकटा असताना धूर दिसला तर काय करशील? दादाने वय सांगितलं, तेही चुकून जुनंच. मग त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा फरशीकडे बघत होते. बाईंनी तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. आपलं काहीतरी चुकतंय हे ओळखून दादाने पहिल्यापासून सुरुवात केली. सगळी उत्तरं, ओळीने, मोठ्याने. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "फाइन, थँक यू, सर. हाऊ आर यू?"

"आय ॲम फाइन, हबीबी," बाई हळूच म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या, "खलास. डोन्ट वरी." सर्टिफिकेट मिळणार होतं. काही वर्षांनी मुदत संपली की त्याला पुन्हा असंच घेऊन यायचं होतं.

पार्किंगमध्ये आईने मला घट्ट धरलं. मला सुटल्यासारखं वाटलं. बाबांनी हात उचलला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

दादाने पाठ काढून घेतली. असं त्याने कधीच केलं नव्हतं.

"नो, बाबा," तो म्हणाला. "राँग."

"राँग नाही रे, छान झालं."

"राँग. अगेन." आणि त्याने बाबांची बाही धरून त्यांना परत दाराकडे ओढायला सुरुवात केली. त्याला आत जाऊन बरोबर उत्तरं द्यायची होती. बाबा त्याला आवरत होते, "यल्ला, घरी जाऊ, चहा पिऊ," म्हणत होते. शेवटी आम्ही तिघांनी मिळून दादाला गाडीत बसवलं आणि मी चाइल्ड लॉक लावला.